पाणी चढलं की बास काठाला येतात

माझा नवरा मासे मारायला जाऊ लागला त्या वसंतात मी त्याच्याशी बोलणं जवळजवळ टाकलंच होतं. दूध संपलंय, किल्ली विसरू नकोस, उद्या प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार आहे, एवढंच काय ते आमचं संभाषण. त्यातही कचऱ्याचं मी सांगायची गरज नव्हती. दुधाचा खोका धुऊन, कापून, वाळवून, दोरीने बांधून ठेवणारा माणूस तो. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत उभा राहणार. कोबेला येऊन आम्हाला पाच-सहा वर्षं झाली होती, आणि जपानी शेजाऱ्यांनीसुद्धा धडे घ्यावेत इतका तो नियमात बसला होता.

आदल्या हिवाळ्याच्या तोंडाशी आमचं बाळ पोटातच गेलं. सहावा महिना चालू होता. मी हॉस्पिटलात पडून होते आणि पुढचं सगळं नवऱ्याने केलं. सह्या त्याने केल्या, नगरपालिकेत तो गेला, दहनालाही तो एकटाच गेला. मी बाळाला पाहिलं नाही. नर्सने हळू आवाजात विचारलं होतं, पुन्हा येऊन विचारलं, आणि दोन्ही वेळा मी भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर मी वाट पाहत राहिले. हा काहीतरी सांगेल, कुठे नेलं, काय केलं, बाळ दिसायला कसं होतं. नसेल सांगवत तर निदान एकदा माझ्यासमोर रडेल. मला तेवढं पुरलं असतं. पण तो चार दिवसांनी ऑफिसला गेला, सहाच्या मीटिंगला लॅपटॉप उघडून जपानीत "हाय, हाय", म्हणजे हो हो, करत हसला, आणि रात्री मला विचारलं, भात लावू का? मी हो म्हणाले. त्या भाताचा मला इतका राग आला की अजूनही आठवला की येतो.

आणि एप्रिलमध्ये या माणसाने गळाची काठी विकत आणली.

आता याची गंमत कळायला आमची घरं माहीत हवीत. मी रेवदंड्याकडची. आमच्याकडे पाहुणा आला आणि जिताडा मासा मिळाला नाही तर आई दोन दिवस तोंड पाडून बसायची. आणि हा पुण्याचा. याच्या घरात अंडं उकडायचं तर गॅलरीत, वेगळ्या पातेल्यात, आणि तेही आजारपणात. लग्नानंतर मी पहिल्यांदा कोलंबी सोलायला बसले तेव्हा हा शेजारच्या खोलीत जाऊन पंखा मोठा करून बसला होता. या माणसाने रीळ आणलं, तंगुसाचा दोर आणला, रबरी गांडुळांची रंगीत पाकिटं आणली आणि रविवारी पहाटे उठून बिवा तळ्यावर जायला लागला. कोबेहून आगगाडीने दोन तास. सकाळी जायचा, अंधार पडला की यायचा. बुटांना चिखल, अंगाला पाण्याचा वास, आणि पिशवी रिकामी.

"मिळाला का?" मी एकदा विचारलं.

"दोन मिळाले."

"मग कुठायत?"

"पेटीत टाकले."

तेव्हा मला कळलं की बास हा मासा बाहेरून आणलेला, तळ्यातले मूळचे मासे खाऊन टाकणारा. म्हणून तिथे तो पकडला की परत पाण्यात सोडायला बंदी आहे. घरी न्यायचा, नाहीतर काठावर त्यासाठी ठेवलेल्या पेटीत टाकायचा. म्हणजे हा माणूस दोन तास जाऊन जिवंत मासा बाहेर काढतो, पेटीत मरायला टाकतो आणि दोन तास परत येतो. खायला नको, बघायला नको. मी मनात म्हटलं, घरातलं एक मेलं तेव्हा डोळ्यांतून पाणी काढलं नाहीस, आता हे कसलं वेड लागलंय तुला? मी धुणं वाळत घातलं. पण रविवारमागून रविवार गेले तसा माझा निर्णय होत गेला. या माणसाला आत काही नाही. असलंच तर ते त्या बाळाबरोबर त्याने कुठेतरी ठेवून दिलंय आणि मला त्याचा पत्ता द्यायची त्याची इच्छा नाही. उन्हाळ्यात मी माहेरी जाणार होते, आणि परत यायचं की नाही हे मी ठरवलं नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मे महिन्यातली सुट्टी संपली त्याच्या पुढच्या रविवारी मी त्याच्या आधी उठले. आंघोळ करून, डबा भरून, दारात बूट घालून बसले.

"कुठे निघालीस?"

"तुझ्याबरोबर."

"तिथे बसायला काही नाही गं. ऊन असतं. दिवसभर कंटाळशील."

"कंटाळेन. चल."

गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला. क्योतोच्या पुढे गाडी रिकामी झाली. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला तळं दिसायला लागलं. मला आधी समुद्रच वाटला. पलीकडचा काठ धुरकट, मध्ये होड्या. आम्ही एका लहानशा स्टेशनवर उतरलो आणि भातखाचरांतून चालत निघालो. नुकती लावणी झालेली होती, रोपं जेमतेम बोटभर पाण्याच्या वर. पुढे पाइनची झाडं, त्यांच्या पलीकडे लव्हाळी आणि वाळुंज.

ती वाळुंजाची झाडं पाण्यात उभी होती. म्हणजे काठाला लागून नाही, चांगली आत. नुसते बुंधे पाण्यातून वर आलेले, खालच्या फांद्या बुडलेल्या, पानं पाण्यावर लोळत होती. लव्हाळ्यांचे फक्त शेंडे दिसत होते. त्याने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले, पाण्यात उतरला आणि त्यातल्या एका झाडापासून थोडा अलीकडे जाऊन उभा राहिला. मी काठावर वर्तमानपत्र अंथरून बसले.

थोड्या अंतरावर एक जपानी आजोबा गळ टाकून बसले होते. त्यांनी मला बघितलं, टोपी काढली आणि जवळ आले. नवऱ्याची ओळख होतीच त्यांची. माझं जपानी कामापुरतं, पण आजोबा सावकाश बोलत होते. डोंगरातला बर्फ वितळला की तळं चढतं, म्हणाले. मे महिन्यात एवढं चढतं की झाडं पाण्यात जातात. आणि पाणी चढलं की बास आतून काठाला येतात, उथळ पाण्यात, मुळांपाशी अंड्यांसाठी घर करायला. एरवी होडी लागते, आता काठावरूनच मिळतात. जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधी खालच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडून पाणी उतरवतात, मग संपलं.

"पण तुमचे यजमान मोठे हट्टी हं," आजोबा हसत म्हणाले. "कायम त्याच एका झाडापाशी. पलीकडे याहून मोठे मासे आहेत. मी किती वेळा सांगितलं. हो म्हणतात, वाकून आभार मानतात आणि पुन्हा तिथेच उभे राहतात."

मीही हसले. म्हटलं, माझंही ऐकत नाहीत. बाळ गेल्यापासून मी परक्या माणसाबरोबर केलेला तो पहिला विनोद.

ऊन वर आलं. वारा नव्हता. मी नवऱ्याकडे बघत होते. तो काही फार चांगला मासे मारणारा नाही हे मला कळत होतं. आमच्या रेवदंड्याची शेंबडी पोरं याच्यापेक्षा बरा गळ टाकतात. तो काठी फिरवायचा, गांडूळ झाडाच्या बुंध्याशी पडायचं, मग अगदी हळू, तळावरून ओढत आणायचा. पुन्हा तिथेच. त्याच्या चेहऱ्यावर मजा कसली ती नव्हती. रात्री सर्व्हर बंद पडल्यावर स्क्रीनसमोर असतो तो चेहरा.

आणि काठी एकदम वाकली. पाण्यात फांद्यांमध्ये खळबळ झाली, रीळ ओरडलं, आणि मी उठून उभी राहिले. उठलेच. "सोडू नकोस! ओढ, झाडात जाऊ देऊ नकोस!" मी ओरडत होते. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. त्याने दोर गुंडाळत गुंडाळत मासा काठाशी आणला, ओठाला अंगठा घालून उचलला. हातभर लांब, पाठ हिरवी, बाजूला काळा पट्टा, पोट पांढरंशुभ्र. तोंड केवढं मोठं! आणि मला भूक लागली.

हे कोणाला कसं सांगू? महिनोन्‌महिने माझ्या तोंडाला चव नव्हती. जेवायचं म्हणून जेवत होते. आणि त्या माशाकडे बघताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं. जिताड्याच्याच जातीचा दिसत होता. मला तो तवा दिसला, आलं-लसूण-मिरचीचं वाटण दिसलं, कोकमाचं आगळ, वरून तांदळाचं पीठ. मला वाटलं, मी जगतेय की अजून.

"हा घरी न्यायचा," मी म्हणाले.

"नको."

"का? मी साफ करीन, मी तळीन, मीच खाईन. तुला कोणी आग्रह करत नाहीये. तू गॅलरीत बस."

"बाजारातून आणू ना. परत जाताना चांगला घेऊ."

"बाजारातला नको. हा हवाय मला."

"इथला नको," तो म्हणाला आणि मासा घेऊन त्या पेटीच्या दिशेने चालायला लागला.

मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. आजोबा लांबून बघत होते, बघू देत. "इतक्या महिन्यांत मी तुझ्याकडे काही मागितलं?" मी म्हणाले. "आज पहिल्यांदा मला काहीतरी खावंसं वाटलंय. मेलेलं पेटीत टाकशील पण मला देणार नाहीस? काय माणूस आहेस तू? तुला काहीच होत नाही का रे?"

मासा त्याच्या हातात तडफडत होता. त्याने तो गवतावर ठेवला, नीट, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाळ इथे आहे गं."

मला आधी समजलंच नाही.

"त्या झाडापाशी. मी ठेवलंय."

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. दहनानंतर त्याच्या हातात चहाच्या कपाएवढा पांढरा डबा दिला होता. आत इतकंसं काहीतरी. त्याच दिवशी पुण्याहून त्याच्या आईंचा फोन आला होता. आई म्हणाल्या, लहान जिवाला अग्नी देत नाहीत रे, मातीत ठेवतात, लक्षात ठेव. याने हो आई म्हटलं. अग्नी तर देऊन झाला होता. हॉस्पिटलात त्याने आधीच विचारलं होतं, इथे बाळांचंही दहनच करावं लागतं, पुरू देत नाहीत. आईंना हे सांगायचं धैर्य त्याला झालं नाही. मी हॉस्पिटलात होते. त्याला वाटलं, निदान आता तरी मातीत ठेवू. कोबेत डोंगर आणि समुद्राच्या मध्ये सगळं सिमेंट. तो डबा घेऊन गाडीत बसला आणि बसून राहिला. गाडीतली माणसं उतरून गेली, बाहेर मोकळी जमीन दिसली, तेव्हा उतरला. स्टेशनजवळच्या शंभर येनच्या दुकानातून खुरपं घेतलं. या झाडाच्या मुळाशी खणलं. सिग्नल न मोडणाऱ्या माणसाने.

"पण ते पाण्यात आहे," मी म्हणाले.

"तेव्हा नव्हतं. पाणी तिकडे लांब होतं. जमीन कोरडी होती, गवत वाळलेलं होतं."

मला राग आला. दुःखाच्या आधी रागच आला, मी तशीच आहे. "इंजिनियर ना तू? लोकांच्या बँका सांभाळतोस! पाणी चढेल एवढं कळलं नाही तुला?"

"अगं, आपल्याकडे दिवाळी झाली की धरण भरलेलं असतं," तो म्हणाला. "पुढे उन्हाळ्यापर्यंत पाणी फक्त उतरत जातं. आम्ही दर वर्षी खडकवासल्याला बघायचो. मला वाटलं, हिवाळ्यात इथवर आहे म्हणजे याच्या वर येणारच नाही. मी खूप विचार करून जागा निवडली गं. मार्चमध्ये भेटायला आलो तर पाणी मुळांना लागलं होतं. एप्रिलमध्ये झाड पाण्यात. मी नुसता उभा राहायचो तर लोक येऊन विचारायचे, बरं आहे ना, घरी कोण आहे. एकदा पोलिसाने विचारलं. म्हणून काठी आणली. काठी असली की कोणी काही विचारत नाही."

"आणि मासे?"

त्याने गवतावरच्या माशाकडे बघितलं. त्याचे कल्ले अजून उघडझाप करत होते. "ते घर करताना शेपटीने तळ उकरतात. आजोबांनी सांगितलं मला. त्या मुळांपाशीच उकरतात. मी दुसरं काय करू? मला तिथे एकसुद्धा नको."

मी पाण्यात शिरले. बूट, मोजे, सलवार, सगळ्यासकट. बर्फाचं पाणी ते, पोटऱ्या बधिर झाल्या. त्या झाडापर्यंत गेले आणि बुंध्याला धरून खाली बघितलं. गढूळ पाणी, पिवळी पानं. पाण्यात हात घातला, तळाला लागेना. मी वळून विचारलं, "मुलगा होता की मुलगी?" आम्ही डॉक्टरांना सांगू नका म्हटलं होतं, आपल्याकडे सांगत नाहीत म्हणून, आणि नंतर मी कधी विचारलं नव्हतं.

"मुलगी," तो म्हणाला. "तुझ्यासारखी हनुवटी होती."

मग मी रडले. झाडाला धरून, मोठ्याने, रेवदंड्याला बायका रडतात तशी. तो आला, माझ्या दंडाला धरलं आणि तोही रडला. आजोबांनी आमच्याकडे पाठ केली आणि आपला गळ उगाचच दुसरीकडे टाकला.

मासा आम्ही पेटीत टाकला. परतीच्या गाडीत माझ्या कपड्यांतून पाणी गळत होतं आणि समोरच्या बाईने काही न बोलता मला आपला टॉवेल दिला. जेवणाचा डबा तसाच परत आला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी आम्ही दोघं गेलो. मी काठी धरायला शिकले. त्या झाडापाशी बास आला की तो काढायचा, बाकी कुठे गळ टाकायचा नाही. माहेरी जायचं तिकीट मी पुढे ढकललं. जूनच्या सुरुवातीला पाणी उतरायला लागलं. आजोबा म्हणाले तसे खालचे दरवाजे उघडले असणार. एका रविवारी झाडाचा बुंधा उघडा पडला, पुढच्या रविवारी मुळं दिसली, आणि त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही चिखलातून चालत झाडापर्यंत गेलो.

तिथे काही नव्हतं. म्हणजे चिखल होता, वाळू होती, शिंपल्यांचे तुकडे होते, आणि मुळांभोवती बशीच्या आकाराचे खळगे होते, एकाला लागून एक. ते कोणी केले ते आम्हाला माहीत होतं. तो म्हणाला, या बाजूला. मग म्हणाला, नाही, त्या बाजूला, डोंगर उजवीकडे होता. त्याने गुडघ्यावर बसून हाताने उकरलं. इकडे उकरलं, तिकडे उकरलं. पाणी लगेच भरायचं, कडा कोसळायच्या. मग तो पलीकडच्या झाडाकडे बघायला लागला. "हे झाड नव्हे की काय?" तो म्हणाला. "तेव्हा पानं नव्हती गं. सगळी झाडं सारखी दिसत होती." त्याच्या कोपरांपर्यंत चिखल होता. तो या झाडाकडून त्या झाडाकडे आणि परत या झाडाकडे जात राहिला. मला ते बघवेना.

मी एका मुळापाशी बसले आणि म्हणाले, "इथे आहे."

तो थांबला. "तुला कसं माहीत?"

"माहीत आहे मला. इथेच आहे. ये."

मला काही माहीत नव्हतं, आणि हे त्यालाही कळत होतं. तरी तो आला. माझ्या शेजारी बसला. लव्हाळ्यांत कुठलातरी पक्षी एकसारखा ओरडत होता. मग त्याने मी दाखवलेल्या जागेवर पालथा हात ठेवला, जसा ताप बघायला ठेवतात तसा.

"त्या दिवशी फार थंडी होती," तो म्हणाला. "डबा तसाच ठेवायला मन होईना. मी माझा मफलर काढून तिच्याभोवती गुंडाळला. वेडेपणाच तो."

"नाही," मी म्हणाले. "बरं केलंस."